मीठ रडतंय

त्या माणसाचं सगळं हवामानखातं मातीच्या एका परळात मावत असे. परळात मूठभर खडेमीठ. ठाकुर्लीच्या आमच्या कारखान्यात कंद साठवायची जी कोठी होती, तिच्या दाराशी डाव्या हाताला हे परळ ठेवलेलं असायचं. सकाळी आल्याबरोबर ते चपला बाहेर काढत, परळापाशी उकिडवे बसत आणि मिठाचा एक खडा चिमटीत धरून चोळत. खडा कोरडा किरकिरला तर कोठीच्या खिडक्या उघडायच्या. बोटांना ओल लागली तर ते उठत आणि धोतराला हात पुसत म्हणत, "मीठ रडतंय आज. लावून घ्या सगलं."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. एखाद्याचं नाव लिहायचं तर त्याला विचारावं, आणि विचारायला आपल्याला तोंड असावं. मला ते नाही. कारखान्यात सगळे त्यांना दादूस म्हणत. त्यांच्याकडे थोरल्या भावाला तसं म्हणतात. मालकही दादूस म्हणत आणि पुढे मीही म्हणू लागलो, मात्र थोरल्या भावाचा मान मी त्यांना कधी दिला नाही.

ते रेशनचे दिवस होते. तांदूळ मिळेल तेव्हा मिळे, गव्हात खडे किती आणि गहू किती यावर घरोघर वाद होत, आणि भिंतीभिंतीवर 'अधिक धान्य पिकवा' असं रंगवलेलं असे. आमच्या मालकांच्या डोक्यात आलं की धान्य नसेल तर कंद तरी आहेत. कोनफळ आणि सुरण चिरून वाळवायचे, दळायचे आणि ते पीठ ज्वारीच्या पिठात मिसळायला विकायचं. त्यांनी ठाकुर्लीला दोन शेडी, एक विहीर आणि एक भट्टी एवढ्या भांडवलावर कारखाना काढला. कोठी सांभाळायला खाडीकाठच्या कोपरी गावचे दादूस आणले आणि शास्त्र सांभाळायला पुण्याहून मला आणलं. मी नुकता बी.एस्सी. झालेला. डोंबिवलीत खोली घेऊन राहायचो, रुळांच्या कडेकडेने चालत कामावर यायचो आणि खिशाला दोन पेनं लावायचो. एक लिहायला, दुसरं दिसायला.

दादूस मूळचे मिठागरातले. शेती थोडी, बाकी वाडवडिलांपासून खाडीकाठी मीठ पिकवायचं. वयाची चाळीस वर्षं मिठात पाय घालून काढल्यामुळे हवेतल्या ओलीशी त्यांचं जुनं वैर होतं आणि वैऱ्याची खोड जशी माणसाला पाठ असते तशी ती त्यांना पाठ होती. मी आल्यावर मालकांच्या मागे लागून ओलावा मोजायचं एक काट्याचं यंत्र मुंबईहून मागवलं आणि परळाच्या बरोब्बर वर भिंतीला ठोकलं. एका सकाळी यंत्र कोरडं म्हणत होतं आणि मीठ रडत होतं. मी हट्टाने खिडक्या उघडायला लावल्या आणि वाळवायच्या चकत्यांचे ट्रेही बाहेर काढले. दुपारपर्यंत खाडीवरचा वारा फिरला आणि चकत्या चपलेच्या पट्ट्यासारख्या चिवट झाल्या. मला वाटलं, आता हा माणूस मला चार लोकांत सोलणार. त्यांनी यंत्राच्या काचेवर टिचकी मारली आणि म्हणाले, "निजलंय. निजू द्या. लांबून आलंय बिचारं." बायका हसल्या. मला ते हसणं महिनाभर टोचत होतं.

कोठीत त्यांचे कायदे चालत. बांबूचे माच केलेले, त्यांवर वाळूचा थर, वाळूवर एकाला एक न टेकवता कोनफळं मांडलेली. ढीग म्हणून कुठे करायचा नाही. ओल्या पायांनी आत यायचं नाही. कंदाला लागलेली शेतातली माती झाडायची नाही, ती त्याची कातडी समजायची. टोपली रिकामी करताना कोनफळ ओतायचं नाही, एकेक हातात घेऊन ठेवायचं. एखाद्या बाईच्या हातून पडलं तर ते डोळे मिटून घेत, जसं काही त्यांच्याच पायावर पडलंय. मग ते उचलून, अंगठ्याने सगळीकडून दाबून, शेवटच्या माचावर नेत. त्या माचाला ते दवाखाना म्हणत. तिथे कुदळ लागलेले, पडलेले, सोललेले कंद असत. त्यांच्या जखमांना ते लाकडाची चाळलेली राख चोळत आणि चिरायला पहिल्यांदा तिथलाच माल काढत. "मार लागलेलं कोनफल तवा बोलत नाय," ते म्हणायचे. "धा-पंधरा दिवसांनी बोलतं, वास मारून. तवर शेजारची चार घेऊन गेलेलं असतं."

वाळूसुद्धा कुठलीही चालायची नाही. कल्याणची खाडी हाकेच्या अंतरावर, तिथली वाळू फुकट मिळत होती. पण त्या वाळूत मीठ असतं आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून ते बैलगाडी करून खडवलीला जात आणि गोड्या नदीची वाळू आणत. ती चार दिवस उन्हात पसरायची, परतायची, आणि मग चिमूटभर जिभेवर ठेवून बघायची. वाळू चाखणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. सुरण तर ते कच्चा चाखत. शेतकऱ्याने सुरणाची गाडी आणली की नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवून उभे राहत. किती खाजतो त्यावर चिंचेच्या पाण्यात तो किती वेळ बुडवायचा ते ठरायचं. सुरणाच्या दिवसांत त्यांची जीभ सुजलेली असे आणि ते दिवसभर हाताच्या खुणांनी बोलत. बायका मुद्दाम त्यांना मोठमोठे प्रश्न विचारत.

कोनफळ चिरायला लोखंडी सुरी ते लावू देत नसत. बांबूच्या धारदार कामट्या त्यांनी स्वतः तासून बायकांना दिल्या होत्या. ही निव्वळ अंधश्रद्धा आहे असं मी मालकांना सांगितलं आणि ते सिद्ध करायला निम्मं कोनफळ सुरीने आणि निम्मं कामटीने चिरून वाळवलं. सुरीच्या चकत्या काळ्या पडल्या, कामटीच्या जांभळ्याच्या जांभळ्या राहिल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण मी पुण्यात शिकलो होतो, अवलक्षणाचाही उपयोग करता येत होता. मी तीन पानांचा अहवाल लिहिला. कंदातील रंगद्रव्य आणि लोहाची क्रिया, असं काहीतरी त्याचं नाव होतं. दादूसांचा उल्लेख त्यात कुठेही नव्हता. मालकांनी तो अहवाल फ्रेम करून कचेरीत लावला. दादूसांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो लांबून पाहिला आणि सायबांचं अक्षर फार सुंदर आहे असं मला येऊन सांगितलं.

तेव्हाच मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, हे आधी लिहून ठेवतो.

कोठीच्या अगदी आतल्या कोपऱ्यात एक रांजण होता. त्यात कारखान्याचा माल नव्हता, दादूसांचं बी होतं. त्यांच्या आईने कोपरीच्या घराच्या कुंपणावर एक कोनफळाचा वेल चढवला होता. आतून गडद जांभळं, लांबट, सोलताना हातालाही रंग लागावा असं कोनफळ. आई गेली तेव्हा जमिनीतून जे निघालं ते त्यांनी ठेवलं आणि तेव्हापासून दर वर्षी पावसाच्या तोंडावर लावायचं, थंडीत काढायचं, त्यातलं चांगलं ते बियाला राखायचं. आधी बियाचं, मग पोटाचं, असं ते म्हणत आणि तसं वागत. बियाचं बाजूला काढून झाल्याशिवाय घरात कुणी कोनफळाचा तुकडा तोंडात घालत नसे. घरी ओल फार म्हणून मालकांच्या परवानगीने त्यांनी ते बी कोठीत, वाळूच्या थरांत ठेवलं होतं. कधी कधी दुपारी ते रांजणात हात घालून नुसते उभे राहत. एकदा मी विचारलं, काय बघता? "आय बरी हाय का बघतंय," ते म्हणाले आणि आपल्याच बोलण्यावर हसले.

त्या वर्षी चैत्रात कोपरीच्या गावदेवीची जत्रा होती आणि पालखीचा मान त्यांच्या घराकडे आला होता. दादूसांना चार दिवस जावं लागणार होतं. जाण्याआधीच आठवड्यात त्यांनी खडवलीहून नवी वाळू आणून माचांवर आणि रांजणात बदलून टाकली होती. निघताना त्यांनी कोठीची किल्ली माझ्या हातात दिली. ती किल्ली त्यांनी मालकांच्याही हातात कधी दिली नव्हती. तीनच गोष्टी सांगितल्या. रोज मीठ बघा. मऊ पडलेलं दिसलं तर उचलून बाजूला करा. आणि पाणी लावू नका.

ते गेले त्याच दुपारी मालक घाईने आले. मुंबईहून कुठल्याशा खात्याचे एक साहेब तीन दिवसांनी कारखाना बघायला येणार होते. त्यांना पसंत पडलं तर सरकारी खानावळींना आमचं पीठ लागणार होतं. मालक कोठीत शिरले आणि त्यांचा चेहरा पडला. "हे काय, सगळं मातीने भरलेलं? माणसं खाणार आहेत ना हे?" असं ते म्हणाले. मला दादूसांचं तिसरं सांगणं आठवत होतं. अगदी शब्दाशब्दाने आठवत होतं. पण मालकांनी मला विचारलं, की शास्त्रीय दृष्ट्या स्वच्छता बरी का घाण बरी, आणि मी म्हणालो, अर्थातच स्वच्छता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा मी बाह्या सरसावून पुढे झालो.

बायकांची मुकादम मंजुळाबाई नावाची कोळीण होती. ठाण्याच्या खाडीकाठची, अंगाने थोराड, बोलायला कुणाला न भिणारी. तिने एकदाच मला अडवलं. दादूस पाणी नको बोलतात, म्हणाली. दादूस कारखान्याचे मालक आहेत की काय, असं मी तिला विचारलं. तिने टोपली उचलली. विहिरीवर दोन दिवस कोनफळं धुतली गेली. काथ्याने घासघासून त्यांची साल निघेपर्यंत स्वच्छ केली, अर्धा दिवस उन्हात ठेवली आणि फळवाल्याच्या दुकानात मोसंबी रचतात तशी माचांवर रचली. रांजण मी विसरलो असतो तर बरं झालं असतं. पण साहेबांनी नेमका तोच उघडून बघितला तर, असं वाटून मी त्यातली कोनफळंही काढून धुवायला लावली आणि परत वाळूत ठेवली.

साहेब आले, नाकाला रुमाल न लावता कोठीत फिरले आणि म्हणाले की अशी कोठी त्यांनी मुंबई इलाख्यात पाहिली नाही. मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हा आमचा शास्त्रज्ञ, असं म्हणाले. ते ऐकताना मला जे वाटलं ते आज आठवलं तरी कान तापतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादूस परतले. कपाळाला गुलाल, हातात जत्रेतल्या खाज्याचा पुडा. तो त्यांनी आधी माझ्या हातात दिला. आठवणीने आणला होता. मग चपला काढल्या, परळातला खडा चोळला आणि आत गेले. मालक आणि मी दारात उभे होतो, मंजुळाबाई टोपल्या लावत होती. दादूस पहिल्या माचापाशी थांबले. एक कोनफळ उचललं, हातात फिरवलं, गालाला लावून बघितलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "पानी लावलं काय, सायेब?"

मालकांचा हात कालचा अजून खांद्यावर होता असं मला वाटत होतं. "नाही हो," मी म्हणालो. "कोरड्या काथ्याने घासून घेतली."

त्यांनी मंजुळाबाईकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. तिला घरी तीन पोरं होती आणि हजेरीच्या वहीवर सही माझी असे. "नाय दादूस," ती म्हणाली, "सुकंच घासलं."

"मंग ठीक हाय," दादूस म्हणाले. त्यांचा चेहरा मोकळा झाला. "मना वाटलं भिजवली. भिजवली असती तर आजच्या आज राखेत लोलवली असती, न्हायतर चिरून उन्हात टाकली असती. बियाचं तरी वाचलं असतं."

म्हणजे उपाय काय तेही त्यांनी मला सांगितलं. एक वाक्य बोललो असतो तर सगळं वाचत होतं. मी खाज्याचा पुडा हातात धरून उभा होतो. ठरवलं, दुपारी मालक गेले की एकट्याला गाठून सांगू. दुपारी ते पालखीच्या गोष्टी इतक्या आनंदाने सांगत होते की म्हटलं उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी वाटलं की कदाचित काही होणारही नाही. शास्त्रात सगळ्या शक्यता असतात. असे आठ दिवस गेले. खाजा मी खाल्ला.

नवव्या दिवशी कोठीतून वास आला. गोडसर, घशात बसणारा. दादूस मला हाक न मारता आत धावले ते थेट रांजणापाशी. त्यांनी वाळूत हात घातला आणि हात कोनफळातच गेला. बाहेर काढला तेव्हा मनगटापर्यंत जांभळा लगदा होता. त्यांनी एकामागून एक सगळी काढली. एकही धड नव्हतं, माचांवरचीही मऊ पडत चालली होती. मग ते जमिनीवर बसले. ओरडले नाहीत, कुणाला शिवी दिली नाही. हाताकडे बघता बघता त्यांचं लक्ष वाळूकडे गेलं.

त्यांनी माचावरची वाळू चिमटीत घेऊन जिभेवर ठेवली. परत घेतली, परत ठेवली. मग माझ्यापुढे हात केला. "तुमी बगा, सायेब. मना खारट लागतेय. का मनाच लागतेय?"

मी त्यांच्या हातावरची वाळू चाखली. वाळू वाळूसारखी लागत होती. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की इथून एक वाट बाहेर जाते आहे. "थोडी लागते," मी म्हणालो.

हे मी माझ्या बायकोलासुद्धा पुष्कळ वर्षं सांगितलं नव्हतं. धुतलं ते अडाणीपणाने, नाही म्हटलं ते भीतीने, असं म्हणून माणूस स्वतःची समजूत घालू शकतो. पण ती वाळू मी चाखून, चव कळल्यावर खोटं बोललो होतो.

पुढचं सगळं दादूसांनी स्वतःच केलं. ते कल्याणला गेले, ज्या गाडीतून वाळू आणली होती त्या गाडीवाल्याला शोधून काढलं आणि आधी गाडीत काय नेलं होतं ते विचारलं. तो म्हणाला, आठवत नाही, पण खाडीवरची गाडी आहे, मीठ नेलं असेल कधीतरी. दादूसांना तेवढं पुरलं. जन्मभर मिठात राहिलेल्या माणसाने गाडी झाडून न घेता तीत वाळू भरली, हा त्यांचा गुन्हा ठरला आणि न्यायाधीशही तेच. ते कचेरीत आले तेव्हा मालकांसमोर मीही बसलो होतो. माझा फ्रेम केलेला अहवाल मालकांच्या डोक्यावर लटकत होता. दादूसांनी किल्ली टेबलावर ठेवली.

"मना आता मीठ कलत नाय," ते म्हणाले. "किल्ली सायबांकडं ऱ्हाऊ द्या."

मालक म्हणाले, अहो, राहा, पहारेकरी म्हणून राहा. दादूस मान हलवून उठले. दारात त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले, नुकसान झालं म्हणून. मी उभा राहिलो. उभं राहण्यापलीकडे काही केलं नाही. त्याच आठवड्यात मालकांनी माझ्याकडून नुकसानीचं कारण लिहून मागितलं आणि मी लिहून दिलं, वाळूतील क्षारांश. खाली हुद्द्यासकट सही केली, दिसायच्या पेनाने.

कारखाना त्यानंतर जेमतेम दोन वर्षं चालला. धान्य मोकळं झालं आणि कोनफळाची भाकरी खायची कुणाला गरज उरली नाही. मी कल्याणच्या एका शाळेत शास्त्र शिकवायला लागलो. लग्न झालं. एका मार्गशीर्षात मी मंडईतून कोनफळं आणली आणि बायकोने ती नळाखाली स्वच्छ धुऊन टोपलीत भरून ठेवली. मी तिच्या अंगावर एवढा ओरडलो की शेजारचे दारात आले. ती रडली नाही. जेवणं झाल्यावर समोर येऊन बसली आणि काय झालं ते सांगा म्हणाली. मी सांगितलं, वाळूच्या चवीपर्यंत सगळं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा."

मार्गशीर्षात ती हे म्हणाली आणि मला जायला वैशाख संपत आला. असा मी आहे.

कोपरीला दादूसांचं घर शोधायला वेळ लागला नाही. खाडीच्या अंगाला कौलारू घर, पुढे ओटा, अंगणात बारीक कोळंबीचा जवळा वाळत घातलेला. दादूस ओट्यावर बसले होते. पार वाळले होते, पण मला लांबून ओळखलं आणि उठून उभे राहिले. सुनेला हाक मारली, सायेब आलेत, चहा ठेव. दाराशी डाव्या हाताला तेच परळ होतं, त्यात मीठ होतं. सवय असेल.

मी विचारलं, यंदा कोनफळ लावणार का. "बी कुठाय?" ते म्हणाले. "दुसऱ्यांचं आनून लावलं दोन वर्षं. तो रंग नाय आला. मंग सोडलं."

मी घरून वाक्यं पाठ करून आलो होतो. ती कुठल्या कुठे गेली. "दादूस," मी म्हणालो, "तुमची वाळू चांगली होती. कोनफळं मी धुतली होती, विहिरीच्या पाण्याने. रांजणातली पण. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. वाळू खारट नव्हती, लागते म्हणालो तेही खोटं."

मी वाट बघत होतो की आता हा माणूस मला हाकलेल, थुंकेल, निदान तोंड फिरवेल. मला ते हवं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"एवड्या लांबून हे सांगाया आलाव? म्हाताऱ्याचं मन राखाया?"

"मन राखायला नाही हो. खरं सांगतोय."

"सायेब, वालू मी चाखली. तुमी चाखली. गाडीवाला बोलला. मंजुलावैनी बोलली, सुकंच घासलं. सगली मानसं खोटी आनि तुमी आज खरे?"

मी मंजुळाबाईला विचारा म्हणालो. तिला जाऊन दोन वर्षं झाली, असं त्यांनी सांगितलं. मी शपथ घेतली. ती त्यांनी मला पुरी करू दिली नाही. सून चहा घेऊन आली तेव्हा ते तिला म्हणाले, "बग, ह्ये सायेब. माजी चूक आपल्या डोक्यावर घ्याया आलेत. शिकून मानूस असा ऱ्हातो काय कुनी?" सुनेने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वाकून मला नमस्कार केला. मी पाय मागे घेतले, पण तिला वाटलं मी संकोचाने घेतले.

चहा प्यायलो. दुसरं काय करणार. चोराच्या मनातलं चांदणं त्या घरात कुणाला दिसतच नव्हतं.

निघायला उठलो तेव्हा सून अंगणात उभी राहून आभाळाकडे बघत होती. खाडीवरून ढग आल्यासारखे वाटत होते, पण ऊनही होतं. जवळा अजून पुरता वाळला नव्हता. "बाबा," तिने विचारलं, "उचलू काय ऱ्हाऊ द्यू?"

परळ दादूसांच्या हाताला लागेल एवढ्या अंतरावर होतं. मला उभ्या जागेवरून दिसत होतं की खडे ओले झालेत, चकाकतायत. त्यांनी तिकडे मान वळवली नाही.

"सायबांना इचार," ते म्हणाले. "त्यांना कलतं."

मी तिला उचला म्हणालो. मग त्यांच्याकडे वळून म्हणालो, "मी मिठाकडे बघून सांगितलं, दादूस. बघा ना, रडतंय."

"मिठाचं काय खरं नाय, सायेब," ते म्हणाले.

सून भराभर जवळा सुपात गोळा करू लागली. मी पिशवी खाली ठेवली आणि सुपाचं दुसरं टोक धरलं. दादूस ओट्यावर बसून माझ्याकडे कौतुकाने बघत होते.